आगाऊ प्रवेशाचा करार : अमेरिकन शेतकरी कुटुंबापुढील एक बिकट निवड

ऑक्टोबर महिना संपत आला की, अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात शेतकऱ्याला उसंत अशी नसते. मुरघासाचा मका कापून भरून झालेला असतो. परंतु दाण्यासाठी राखलेला मका अद्याप शेतात उभा असतो, आणि बर्फ पडू लागण्यापूर्वी तो काढून घ्यावयाचा असतो. गोठ्यातील गाई तर कोणत्याच हंगामाची वाट पाहत नाहीत. त्यांच्या धारा दिवसातून दोन वेळा, काही गोठ्यांत तीन वेळा, काढाव्याच लागतात. नेमक्या याच दिवसांत, ज्या घरातील मुलगा वा मुलगी शाळेच्या शेवटच्या म्हणजे बाराव्या इयत्तेत असते, त्या घरी रात्रीच्या जेवणानंतर एक करारपत्र पुढे येते. त्यावर मुलाने सही करावयाची, आईने किंवा वडिलांनी करावयाची आणि शाळेतील मार्गदर्शक शिक्षकानेही करावयाची. हल्ली ही सही संगणकावरच होते. मुदत बहुधा १ नोव्हेंबरची असते. मजकूर थोडका, परंतु त्याने पुढील चार वर्षांचा मार्ग आणि पुष्कळदा घराच्या कर्जाचा आकडाही ठरून जातो.

या पद्धतीस तिकडे 'अर्ली डिसिजन' असे नाव आहे. आपण तिला बांधील आगाऊ प्रवेश म्हणू. तिचा नियम असा की, विद्यार्थ्याने आपल्या पसंतीचे एकच महाविद्यालय निवडून तेथे इतरांच्या आधी अर्ज करावा. महाविद्यालय डिसेंबरच्या मध्यापर्यंत उत्तर देते. उत्तर होकाराचे आले, तर विद्यार्थ्याने तेथेच गेले पाहिजे आणि अन्यत्र केलेले सर्व अर्ज मागे घेतले पाहिजेत. नकार आला, तर तो मोकळा. तिसरेही एक उत्तर असते : अर्ज पुढील सर्वसाधारण फेरीसाठी राखून ठेवला आहे. अशा वेळी बांधिलकी सुटते व विद्यार्थी इतरत्र प्रयत्न करू शकतो. काही महाविद्यालये जानेवारीच्या आरंभी अशाच बांधील अर्जाची दुसरी फेरी ठेवतात व तिचे उत्तर फेब्रुवारीत देतात. पहिल्या ठिकाणी नकार मिळालेली मुले बहुधा या दुसऱ्या फेरीकडे वळतात.

याखेरीज 'अर्ली ॲक्शन' म्हणून एक निराळी वाट आहे. नावे सारखी असल्याने पालकांचा येथे हमखास घोटाळा होतो. या वाटेने अर्ज लवकर करावयाचा असतो, उत्तरही लवकर मिळते, परंतु जाण्याचे बंधन नसते. निवड कळविण्यास १ मे पर्यंत सवड राहते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड येथे लवकर केलेला अर्ज या बिनबांधील प्रकारातच मोडतो. मात्र त्याच वेळी इतर खासगी महाविद्यालयांकडे आगाऊ अर्ज करण्यावर तेथे मर्यादा घातलेली असते.

नागपूर-अमरावतीकडील संत्रा बागाईतदारास या व्यवहाराचे मर्म समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. फळ झाडावर हिरवे असतानाच व्यापारी बागेत येतो, झाडे फिरून पाहतो, अंदाज बांधतो आणि इसार देऊन सौदा पक्का करतो. पुढे गारपीट झाली, फळगळ झाली, तरी ते नुकसान व्यापाऱ्याचे. निदान बोली तरी तशी असते. उलट तोडणीच्या वेळी बाजार चढला, तर तो लाभही व्यापाऱ्याचाच. बागाईतदार आपली चिंता विकतो व तिच्याबरोबर संधीही विकतो. अमेरिकन विद्यार्थ्याच्या करारात एक गोष्ट मात्र याहून अवघड आहे. बागेचा सौदा ठरतो तेव्हा भाव ठरलेला असतो. तेथे बांधिलकी आधी पत्करावी लागते आणि भाव मागून कळतो.

हे कसे, ते पाहण्यापूर्वी अशी पद्धत अस्तित्वात का आली ते सांगणे आवश्यक आहे. प्रवेश देऊ केलेल्या मुलांपैकी प्रत्यक्ष किती मुले येतील, याचा अंदाज महाविद्यालयास बांधावा लागतो. अंदाज चुकला तर वर्ग रिकामे राहतात किंवा वसतिगृहात खाटा पुरत नाहीत. बांधील अर्जाने आलेला विद्यार्थी मात्र हमखास येणारा असतो. त्यामुळे अनेक नामांकित खासगी महाविद्यालये आपल्या निम्म्या किंवा त्याहूनही अधिक जागा याच वाटेने भरतात. मागाहून अर्ज करणाऱ्यांसाठी जागा थोड्या उरतात व स्पर्धा तीव्र होते. आगाऊ अर्जाने खरोखरच लाभ होतो काय, या प्रश्नाचा अभ्यास ॲव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर या तिघांनी केला व तो २००३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. आगाऊ अर्ज करणे हे प्रवेशपरीक्षेत सुमारे १०० गुण अधिक मिळविण्यासारखे आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेथील 'सॅट' ही परीक्षा १६०० गुणांची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा लाभ लहान नव्हे, हे दिसून येईल.

याच कारणाने या पद्धतीवर टीकाही पुष्कळ झाली. ज्या कुटुंबास खर्चाची तुलना करण्याची गरज नाही, तेच निर्धास्तपणे आगाऊ सही करू शकते. ज्याला चार ठिकाणचे आकडे पाहूनच निर्णय घ्यावा लागतो, त्याला ही वाट बंद होते, असा आक्षेप होता व आजही आहे. २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांनी आगाऊ प्रवेश बंद करण्याचे जाहीर केले. इतरांनी त्यांचे अनुकरण फारसे केले नाही, आणि २०११ मध्ये या दोन्ही विद्यापीठांनी बिनबांधील स्वरूपात तो पुन्हा सुरू केला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याच्या आक्षेपावरून प्रवेश-सल्लागारांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या आचारसंहितेतील काही कलमे गाळली. बांधील अर्ज करणाऱ्यास खास सवलतीचे आमिष दाखवू नये, हे कलम त्यांतच होते.

शेतीचे शिक्षण आणि बांधील अर्ज

शेतकऱ्याच्या मुलाला या साऱ्या उठाठेवीशी कर्तव्य काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. अमेरिकेतील कृषी महाविद्यालये बहुतांशी १८६२ च्या मॉरिल कायद्याने मिळालेल्या जमिनींच्या उत्पन्नावर उभी राहिली. ती राज्यांची सार्वजनिक महाविद्यालये आहेत, आणि बांधील अर्जाची मागणी त्यांच्यापैकी फारच थोडी करतात. आयोवा राज्य विद्यापीठात अर्ज येतील तसे ते पाहून उत्तरे दिली जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेस आगाऊ प्रवेश ठाऊकच नाही. तेथे सर्वांना नोव्हेंबरअखेरच्या सुमारास एकच मुदत असते. पंतनगर येथे १९६० मध्ये आपल्या देशातील पहिले कृषी विद्यापीठ ज्याच्या साहाय्याने उभे राहिले, त्या इलिनॉय विद्यापीठात आगाऊ अर्जाची सोय आहे, परंतु ती बांधील नाही. राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी येथील आपली विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात स्थापन झाली, ती शिक्षण, संशोधन व विस्तार यांची सांगड घालण्याच्या याच धर्तीवर.

याला एक ठळक अपवाद आहे आणि तो नेमका मोठा आहे. इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठ १८६५ मध्ये स्थापन झाले. ते खासगी विद्यापीठ. परंतु न्यूयॉर्क राज्याच्या वाट्याची मॉरिल कायद्याची देणगी त्यालाच मिळाली, आणि १९०४ मध्ये त्याचे कृषी महाविद्यालय राज्याच्या आधाराने चालणारे महाविद्यालय झाले. मक्यावरील संशोधनासाठी १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक याच महाविद्यालयाच्या पदवीधर होत. राज्यातील रहिवाशांना येथे शुल्क कमी पडते. तरीही प्रवेशाची पद्धत खासगी विद्यापीठाची, म्हणजे १ नोव्हेंबरच्या बांधील अर्जाची आहे. त्या राज्यातील पशुपालकाच्या मुलास हे महाविद्यालय परके नसते. राज्यातील विस्तारकार्य याच विद्यापीठाच्या नावाने चालते, आणि मुलांनी वासरे वाढवून जत्रेत मांडावयाची ती '४-एच' मंडळे याच विस्तारकार्याचा भाग आहेत. लहानपणापासून ज्या संस्थेचे कार्यकर्ते गोठ्यावर येताना पाहिले, तिचेच दार ठोठवावे असे मुलाला वाटले, तर त्यात नवल नाही.

जमीन आहे, रोकड नाही

येथून खरी अडचण सुरू होते. मोठ्या खासगी विद्यापीठांत शुल्क, निवास व भोजन मिळून वर्षाचा छापील खर्च अनेक ठिकाणी ९० हजार डॉलरच्या घरात गेला आहे. परंतु हा खर्च सर्वांना पूर्ण भरावा लागत नाही. कुटुंबाची ऐपत मोजून तेवढाच भार त्याच्यावर टाकावयाचा व उरलेल्याची सोय साहाय्यातून करावयाची, असे धोरण अनेक विद्यापीठे पाळतात. मग प्रश्न उरतो तो एवढाच की, शेतकऱ्याची ऐपत मोजावयाची कशी?

नोकरदाराचे मोजमाप सोपे आहे. त्याचा पगार कागदावर असतो. शेतकऱ्याजवळ दोनशे एकर जमीन, गोठा, ट्रॅक्टर आणि दुभती जनावरे असतात. कागदावर तो धनवान ठरतो. हाती मात्र दुधाच्या हिशेबाचा धनादेश येतो, आणि तो पेंडीच्या व बँकेच्या देण्यात निघून जातो. जमीन विकून शुल्क भरावे, तर पुढे कसावयाचे काय?

मध्यवर्ती सरकारच्या साहाय्याच्या अर्जात, ज्यास तिकडे 'फाफ्सा' म्हणतात, स्वतः राहून कसलेली कौटुंबिक शेती पूर्वी संपत्तीत धरली जात नसे. २०२० च्या कायद्याने अर्ज सुटसुटीत करण्याच्या ओघात ही सवलत काढून टाकली, आणि २०२४-२५ या वर्षापासून शेतीचे मूल्य हिशेबात येऊ लागले. मूल्याचा काही अंशच धरला जाई व आईवडिलांच्या संपत्तीवरील आकारणी दरसाल जास्तीत जास्त साडेपाच टक्क्यांच्या आसपास होती; तरीही मोठ्या जमिनीच्या धन्यास ती भारी पडे. त्याच बदलात आणखी एक गोष्ट झाली. एका घरातील दोन मुले एकाच वेळी महाविद्यालयात असली, तर पूर्वी भार विभागून धरला जात असे, तो तसा धरणे बंद झाले. पुढे जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने २०२६-२७ पासून कौटुंबिक शेतीची सवलत परत दिली. दोन मुलांच्या भाराबाबत मात्र जुनी पद्धत परतली नाही.

येथे पालकांची एक चूक फार होते. सरकारने शेती वगळली म्हणजे महाविद्यालयानेही वगळली, असे ते समजतात. अनेक खासगी महाविद्यालये स्वतःचे साहाय्य देताना 'सीएसएस प्रोफाइल' नावाचा दुसरा अर्ज मागवितात. त्यात जमीन, अवजारे, घर व कर्ज या सर्वांची चौकशी असते, आणि त्यावरून ऐपत कशी ठरवावी हे ज्या त्या महाविद्यालयाच्या मर्जीवर असते.

दुसरी अडचण वर्षाची. साहाय्य ठरविताना दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न पाहिले जाते. पगारदारास यात फारसा फरक पडत नाही, शेतकऱ्यास पडतो. २०२२ मध्ये अमेरिकेत मक्याचा भाव पुष्कळ चढला होता. २०२४ पर्यंत तो बराच खाली आला. म्हणजे २०२४ मध्ये महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाचे साहाय्य चढत्या भावाच्या वर्षावरून ठरले आणि शुल्क मात्र पडत्या भावाच्या वर्षात भरावे लागले. अशा वेळी साहाय्य अधिकाऱ्याकडे कागदपत्रांसह फेरविचाराची मागणी करता येते व त्यास आकडा बदलण्याचा अधिकार असतो. परंतु हे त्याच्या निर्णयावर अवलंबून, हक्काचे नव्हे.

आता समजा, एका पशुपालक कुटुंबात साठ गाई आहेत, डोक्यावर गोठ्याचे कर्ज आहे आणि थोरल्या मुलीला पशुविज्ञान शिकावयाचे आहे. तिचे गुण चांगले आहेत, पण अपवादात्मक नाहीत. तिच्या शिक्षिकेचे म्हणणे असे की, कॉर्नेलला आगाऊ बांधील अर्ज केला तरच प्रवेशाची आशा बाळगावी. राज्याच्या कोबलस्किल येथील सार्वजनिक महाविद्यालयातही शेतीचे चांगले शिक्षण मिळते व ते पुष्कळ स्वस्त आहे. शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील विद्यापीठात बिनबांधील अर्ज करता येतो, पण परराज्यातील विद्यार्थ्यास तेथे शुल्क अधिक. बाप म्हणतो, सही करू नये. आकडा कळल्यावाचून आपण वासरूसुद्धा विकत घेत नाही. मुलगी म्हणते, मार्चपर्यंत थांबले तर दार बंद होईल. दोघांचेही खरे आहे, आणि म्हणूनच प्रश्न बिकट आहे.

अशा घराने सहीपूर्वी कोणती कामे करावयाची, याविषयी अनुभवी सल्लागारांत फारसा मतभेद नाही. प्रत्येक महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर प्रत्यक्ष खर्चाचा अंदाज देणारे गणकयंत्र ठेवणे २०११ पासून कायद्याने आवश्यक आहे. त्यात आकडे भरून पाहावेत, परंतु शेती किंवा धंदा असलेल्या घराने त्या उत्तरावर पूर्ण विसंबू नये. ती यंत्रे पगारदार कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात व कित्येकांवर तशी सूचनाही असते. म्हणून साहाय्य कार्यालयास ऑक्टोबरमध्येच दूरध्वनी करून, जमीन व कर्ज यांचे आकडे सांगून, आमची शेती तुम्ही कशी मोजता, असे स्पष्ट विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. उत्तर लेखी मिळाल्यास उत्तम.

करारातून सुटण्याची एक वाटही आहे. देऊ केलेले साहाय्य अपुरे पडून तेथे जाणे शक्य नसेल, तर विद्यार्थ्याने प्रवेश नाकारावा व मोकळे व्हावे, अशी तरतूद करारातच असते. मात्र ही सुटका पैशाच्या खऱ्या अडचणीपुरती आहे. मन बदलले किंवा दुसरे महाविद्यालय अधिक आवडले, म्हणून ती मागता येत नाही. करार मोडला तर खटला होत नाही. परंतु मार्गदर्शक शिक्षकाने त्यावर सही केलेली असते, आणि त्याच शाळेतून पुढील वर्षी अर्ज करणाऱ्या मुलांकडे ते महाविद्यालय संशयाने पाहू लागते. गावातल्या गावात हा दोष कोणास नको असतो. शिवाय, सुटका घेतली तरी हाती दुसऱ्या महाविद्यालयाचा आकडा नसतो. सर्वसाधारण फेरीतील विद्यार्थी एप्रिलमध्ये तीन पत्रे समोर ठेवून, अमुक ठिकाणी इतके देतात, तुम्ही किती वाढविता, असे विचारू शकतो. बांधील अर्जदारास बोली लावण्यास दुसरा गिऱ्हाईकच नसतो.

आपल्याकडील कुटुंबांसाठी

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची मुलेही परदेशी पदवीसाठी अर्ज करू लागली आहेत. ही वाट नवी नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या आरंभी ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतील कृषी महाविद्यालयांत शिकले आणि पुढे त्यांनी मेक्सिकोत मक्यावर मोठे काम केले. मात्र परदेशी विद्यार्थ्यास पैशाची गरज असेल, तर बहुतेक महाविद्यालये प्रवेश देतानाच ती गरज विचारात घेतात. गरज न पाहता परदेशी विद्यार्थ्यास प्रवेश देऊन पुरते साहाय्य करणारी विद्यापीठे मोजकीच आहेत. बांधील अर्ज नोव्हेंबरमध्ये करावयाचा, म्हणजे आपल्या बारावीच्या परीक्षेच्या तीन-चार महिने आधी. निर्णय नववी ते अकरावीच्या गुणांवर होतो, परंतु बारावीत घसरगुंडी झाली तर दिलेला प्रवेशही काढून घेतला जाऊ शकतो. शुल्क डॉलरमध्ये आणि कर्ज रुपयांत, हा फरक चार वर्षांत वाढत जातो तो वेगळाच.

अशा वेळी पालक ग्रामसेवकाकडे येतो तो कागदांसाठी. शेतीचे उत्पन्न आपल्याकडे आयकरमुक्त असल्याने दाखविण्यास आयकर विवरण नसते, आणि परदेशी कार्यालयास ही गोष्ट ठाऊक असतेच असे नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा उतारा आणि बँकेचा कर्जखाते उतारा यांची इंग्रजी भाषांतरे करून ठेवावीत आणि सोबत आयकर का लागत नाही हे सांगणारे छोटे पत्र जोडावे. उताऱ्यावर भावाभावांची नावे सामाईक असतील, तर आपला हिस्सा किती ते त्यात निराळे लिहावे. एरवी साऱ्या गटाची जमीन एकट्याच्या नावे मोजली जाते. दाखल्यास वेळ लागतो, म्हणून ही खटपट दसऱ्यापूर्वी आटोपलेली बरी. ऐन ऑक्टोबरात सोयाबीनच्या काढणीच्या धांदलीत ती हमखास राहून जाते.

तिकडे इथाकाच्या परिसरात उत्तर येते ते डिसेंबरच्या मध्यात, संध्याकाळच्या धारांच्या सुमारास. होकार आणि साहाय्याचा आकडा बहुधा एकदमच दिसतात, आणि ज्या घरी सही झालेली असते तेथे आधी आकडा पाहिला जातो. ज्यांनी सही केली नाही, त्यांना १ मे पर्यंत अवधी असतो. तोवर बर्फ वितळलेले असते, मक्याच्या पेरणीसाठी शेते तयार होऊ लागलेली असतात, आणि तीन पत्रांतील आकड्यांची वजाबाकी त्या घरात शेवटच्या आठवड्यापर्यंत चालू राहते.